पेटी बोलते, पण थांबत नाही

गेल्या गणपतीत चाकरमानी गावी आले, तेव्हा वाडीच्या मंडळाची चार माणसं शाळेत आली. "बाई, शाळेक काय होया?" मी आणि गुरुजी एकमेकांकडे बघितलं. आम्ही पंखा म्हणणार होतो. पण त्यांच्यातल्या एकाने मुंबईत कुठल्याशा प्रदर्शनात इंग्रजी शिकवणारी बोलकी पेटी पाहिली होती आणि ती त्याच्या डोक्यात बसली होती. "पोरा इंग्लिश बोलाक लागतली." पंखा राहिला. दिवाळीनंतर पेटी आली. लोकवर्गणीतून ६,८०० रुपये.

आज दहा महिने ती पेटी वापरतेय. आजूबाजूच्या केंद्रांतल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटांतल्या, शिक्षकांचे फोन येतात, "घेऊ का?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. कंपनीचं नाव घालत नाही. एका शाळेतल्या एका पेटीवरून मला कुणाचं दुकान बसवायचं नाही. आणि शिक्षण परिषदेत अशाच दुसऱ्या दोन पेट्या मी ऐकल्या, त्यांचंही दुखणं हेच होतं: बोलतात, पण थांबत नाहीत.

आधी आमची शाळा. मालवण तालुक्यातली, वाडीवरची, पहिली ते चौथी, पट १७, आम्ही दोघं शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे. मुलं घरी मालवणी बोलतात, पुस्तकातली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मी नोकरीला लागले. मी स्वतः ए-बी-सी-डी शिकले पाचवीत. त्यामुळे माझ्या तोंडचं इंग्रजी मुलांनी ऐकावं की न ऐकावं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून सतावत आलाय. पेटीकडून माझ्या अपेक्षा होत्या त्या यामुळेच.

पेटी वीतभर लांब, निळी, कडेला रबर. पडली तरी फुटत नाही. आमच्याकडे तीनदा पडली. आत मेमरी कार्ड, त्यात ९६ पाठ, प्रत्येक साधारण बारा मिनिटांचा. सोबत ६० चित्रकार्डं, मुलांच्या कार्यपुस्तिका आणि शिक्षकांसाठी एक पुस्तिका. एकदा चार्ज केली की चार तास चालते. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हे चार तास मोठेच.

आवाज चांगला आहे, हे आधीच सांगते. पाठ चालवणारी बाई आहे ती खरंच मुलांशी बोलणारी आहे. लाडात येत नाही, ओरडत नाही. 'वेअर इज द कॅट?' म्हणताना तिला स्वतःलाच मांजर सापडत नसल्यासारखं वाटतं. दुसरा आवाज एका मुलाचा आहे, तोही खऱ्या मुलाचा. मोठ्या माणसाने नाक दाबून काढलेला पोरकट आवाज नाही. असा नकली आवाज आमची मुलं पहिल्या वाक्याला ओळखतात आणि मग पाठभर त्याची नक्कल करत बसतात. दार करकरणं, पाण्यात दगड पडणं, कोंबडीचं कलकलणं हे आवाज नीट निवडलेत. शब्द कळायच्या आधी प्रसंग कळतो.

पहिल्या दिवशी सगळे गोल बसले. गाणं झालं. मग बाई म्हणाली, 'टच युअर नोज.' मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दुसरीतल्या एका मुलीचा हात वर यायला लागला, नाकापर्यंत पोचला, तोवर पेटी म्हणाली, 'व्हेरी गुड! नाऊ टच युअर इअर्स.' हात नाकावरून कानाकडे निघाला. मध्येच 'व्हेरी गुड!' पुन्हा. मग गुडघे. ती मुलगी अर्ध्या रस्त्यात हात धरून थांबली आणि मला म्हणाली, "बाई, ती बाय लय बेगीन बोलता."

बेगीन म्हणजे घाईने. पण ती बाय घाईने बोलत नव्हती. मी तोच पाठ घरी आणून तीनदा ऐकला. तिचं बोलणं सावकाश आहे, शब्द सुटे आहेत. घाई आहे ती दोन वाक्यांच्या मधे.

मग रविवारी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसले. दहा पाठ, त्यातल्या प्रत्येक सूचनेनंतरची मोकळी जागा मोजली. बहुतेक ठिकाणी दोन सेकंद, काही ठिकाणी दीड. एका जागी तीन आढळले, तिथे बहुधा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला खोकला आला असावा. सोमवारी वर्गात मी स्वतः तीच सूचना दिली आणि गुरुजींना मोजायला बसवलं. दुसरीच्या मुलांचा हात जागेवर पोचायला तीन ते चार सेकंद. पहिलीच्या मुलांना पाच, एकदोघांना सहा.

या पाच सेकंदांत मूल काय करतं ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी ते ऐकलेलं मनात पुन्हा वाजवतं. काहींचे ओठ हलतात. मग त्या लांबलचक आवाजातून 'नोज' वेगळा काढतं. मग शेजारच्याकडे हळूच बघतं. मग हात. यातली एकही पायरी आळस नाही. पेटी मात्र दुसऱ्या पायरीवर 'व्हेरी गुड' म्हणून मोकळी होते. कुणी काही केलेलं नसताना शाबासकी. महिनाभरात मुलांना कळलं की काही नाही केलं तरी बाई व्हेरी गुड म्हणतेच. मग ती नुसती ऐकत बसायला लागली, टीव्हीसमोर बसावं तशी.

मुक्त विद्यापीठातून बी.एड. करताना मेरी बड रो हे नाव वाचलं होतं, ते तेव्हा परीक्षेपुरतं. या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभर थांबतात आणि लगेच पुढे बोलतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. ते मोजलं होतं माणसांच्या वर्गात. माणूस निदान मुलांची तोंडं बघून थांबू तरी शकतो. पेटीला तोंडं दिसत नाहीत. म्हणून पेटीत थांबणं आधीच, लिहितानाच घालावं लागतं.

आणि हे काही नवं ज्ञान नाही. १९७४ साली निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रकल्प सुरू झाला, स्टॅनफर्ड विद्यापीठाची मंडळी त्यात होती. पाठ असा लिहायचा की रेडिओने विचारायचं, मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तरासाठीची जागा रेडिओनेच मोकळी ठेवायची. माणसं वर्गात जाऊन बसायची, मुलं कुठे अडतात ते बघायची, आणि त्यावरून पाठ बदलायचे. पुढे १९८० ते १९८५ दरम्यान केनियात याच पद्धतीने पहिल्या तीन इयत्तांना रोज अर्धा तास इंग्रजी शिकवलं गेलं. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम तयार केला, तो आकाशवाणीवरून लागायचा. म्हणजे रेडिओसारख्या, मागे न फिरणाऱ्या साधनावर लोकांनी हे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जमवलं. आमच्या पेटीत चिप आहे, रिचार्ज होणारी बॅटरी आहे, निळा दिवा आहे. पाच सेकंद तेवढे नाहीत.

तुम्ही म्हणाल, पेटी थांबवायचं बटण असेल की. आहे. पण ते दाबून थांबवली आणि पुन्हा लावली की ती अर्धं वाक्य गिळून सुरू होते. मागे नेण्यासाठी दहा सेकंदांचं बटण नाही. मागचा पाठ किंवा पुढचा पाठ, एवढंच. आणि बॅटरी संपून बंद पडली की पुन्हा पहिल्या पाठावर. ४३वा पाठ लावायचा तर पुढचं बटण बेचाळीस वेळा दाबायचं. मुलं मोठ्याने मोजतात. इंग्रजी आकड्यांचा त्यांचा सराव जो काही झालाय तो बराचसा यातूनच झालाय.

आता दुसरी गोष्ट, पार्श्वसंगीत. सूचनेच्या मागे कायम काहीतरी वाजत असतं. टुणटुण. कंपनीच्या माणसांनी ते हेडफोन लावून ऐकलं असणार, त्यात ते गोडही लागत असेल. आमच्या वर्गाच्या भिंती सिमेंटच्या आणि डोक्यावर पत्रा. आधी कौलं होती. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात ती गेली आणि पत्रे आले. आवाज भिंतींवर आपटून घुमतो. घुमण्यात आधी हरवतात ते स, श, फ असे नुसत्या हवेचे आवाज, कारण ते मुळातच बारीक. त्यावर संगीत. 'टच युअर फीट' म्हटलं की अर्धी मुलं पायाला हात लावतात आणि अर्धी बसल्या जागेवर चटईला, कारण त्यांना 'सीट' ऐकू येतं. मला सुरुवातीला वाटलं मुलांना शब्द येत नाहीत. मग मी तोंडाने म्हटलं तेव्हा सगळ्यांचे हात पायाला.

यावर आम्ही काय केलं ते सांगते, कारण पेटी कुठलीही घ्या, हे लागेल. मागच्या भिंतीवर आणि बाजूच्या भिंतीवर गोणपाटं टांगली. पेटी टेबलावरून काढून मुलांच्या मधोमध पाटावर ठेवली. मुलांना भिंतीकडे न बसवता पेटीभोवती दाटीने बसवलं. आवाज कमी केला. वाढवला की घुमणं वाढतं, स्पष्टपणा नाही वाढत. एवढ्याने बराच फरक पडला. जुलैमध्ये मात्र काहीच उपाय नाही. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मी काय बोलते ते मलाही ऐकू येत नाही. पावसाळाभर पेटीचा तास आम्ही आकाशाकडे बघून ठरवतो.

'थ्री' आणि 'फ्री'चीही गंमत झाली. पेटीतली बाई 'थ्री' म्हणते ते जीभ दातांत धरून, इंग्रज माणूस म्हणेल तसं. आमचा 'थ' असा नाही. मुलांना ते 'फ्री' ऐकू आलं. एकाने विचारलं, "बाई, काय फुकट हा?" बाजारातल्या पाटीवरून 'फ्री' त्याला ठाऊक होता. मला वाटतं, पहिल्या वर्षी मुलांनी इंग्रजी ऐकावं ते आपल्याकडच्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून, आणि कान तयार झाला की मग लंडनचं ऐकावं, अमेरिकेचं ऐकावं, केरळातल्या नर्सबाईचंही ऐकावं. आमच्या गुरुजींचं मत उलटं आहे. ते म्हणतात, पहिल्यापासून अस्सलच ऐकवा, आपल्या चुका कशाला चिकटवायच्या. हा वाद आमच्यात खिचडीच्या सुट्टीत अजून चालू आहे.

पाठांतला बर्फाचा माणूस, पॅनकेक वगैरे बघून काही शिक्षकांनी नाकं मुरडली. मला त्याचा त्रास नाही. बर्फाच्या माणसावर मुलांनी अर्धा तास प्रश्न विचारले, तो फ्रीजमधल्याच बर्फाचा असतो का, रात्री त्याला कोण राखतं. पॅनकेकचं चित्रकार्ड बघितल्या बघितल्या सगळे एका सुरात ओरडले, "घावने!" कार्ड त्यांना कायमचं लक्षात राहिलं. परकं चित्र मुलांना अडत नाही. त्यांना अडते ती घाई.

आता पेटीच्या खोक्यावरचा दावा. 'तीन वर्षांत ३०० शब्द.' मी यादी काढून बसले. टेबल, बस, बॉल, पेन, बॅग, टीव्ही, फोन, बॅट, बिस्कीट, केक, डॉक्टर. हे शब्द आमच्या मुलांना पेटी यायच्या आधीपासून येतात. त्यांना ते इंग्रजी आहेत हेच ठाऊक नाही. मी ८० पर्यंत मोजले आणि सोडून दिलं. तेव्हा कुठलाही दावा तपासायचा तर आधी मुलांना काय येतं ते बघायला हवं. मी हे उशिरा केलं. पहिले २० पाठ झाल्यावर जाग आली. मग पुढच्या २० पाठांतून १२ शब्द घेतले, आणि पाठांत कुठेच नसलेले १२. दोन्ही आधी विचारले, पाठ संपल्यावर पुन्हा विचारले. न शिकवलेलेही वाढले असतील तर ते पेटीमुळे नाही, एवढं तरी कळावं.

विचारायची रीत सांगते, खर्च शून्य. एका कागदावर सहा चित्रं, प्रत्येक मुलाच्या हातात चिंचोके. शब्द ऐकला की त्या चित्रावर चिंचोका ठेवायचा. लिहायचं नाही, बोलायचं नाही. चित्रं सहाच्या खाली नकोत. दोनच ठेवली तर डोळे मिटूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात आणि आपण उगाच खूश होतो.

पण खरा धडा मिळाला तो बसण्यातून. आधी मुलं गोल करून तोंडं आत करून बसायची. 'स्टँड अप', 'क्लॅप युअर हँड्स' अशा सूचनांना पहिल्या-दुसरीच्या नऊपैकी आठ मुलं बरोबर करायची. मी केंद्रप्रमुखांना कौतुकाने दाखवलंही. मग एक दिवस सहज तोंडं बाहेर करून, पाठीला पाठ लावून बसवलं. नऊपैकी चार. बाकीची इतके दिवस दुसरीतल्या त्या एका मुलीकडे बघून करत होती. पेटी तिला शिकवत होती आणि ती सगळ्यांना. त्यात वाईट काही नाही, आम्ही सगळे असेच शिकलो. पण पेटीचा गुण मोजायचा असेल तर त्या मुलीचा गुण वजा करायला हवा.

शेवटी आकडे असे आले. पेटीतल्या १२ शब्दांपैकी नऊ मुलांना आधी सरासरी तीन येत होते, नंतर सहा. पाठांत नसलेल्या १२ मध्ये आधी तीन, नंतर चार. म्हणजे वीस पाठांत पेटीच्या खात्यावर जास्तीत जास्त दोन शब्द. नऊ मुलांवरून मी जगाला काही सांगत नाही. माझ्या वर्गापुरतं मला कळलं.

कंपनीने स्वतःची चाचणी कार्यपुस्तिकेत दिली आहे, ती बघून मी हात टेकले. 'लिसन अँड टिक.' पाठ ऐकायचा आणि चार वाक्यांपैकी बरोबर वाक्यावर खूण करायची. ती वाक्यं इंग्रजीत छापलेली. पहिलीच्या मुलाला! ज्याला वाचता येतं त्याला मार्क, ज्याला ऐकून कळलं पण वाचता येत नाही तो नापास. आमच्याकडे पहिलीतला एक मुलगा आहे. घरी आजीजवळ झोपून तिच्या सगळ्या गजाली तोंडपाठ, कान असा की मोटारसायकलच्या आवाजावरून कोण आलं ते सांगतो. चिंचोक्यांच्या चाचणीत तो पहिला. कार्यपुस्तिकेत त्याला शून्य. मी ती पाच-सहा पानं फाडून होड्या करायला दिली. शिक्षक पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, त्यामुळे ती गुरुजींनी आणि मी मिळून एका शनिवारी वाचली; त्यात जाहिरातच जास्त.

डिसेंबरात मला जोर चढला. म्हटलं आपणच करू पाठ. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी मोफत मिळतात आणि लेखक-चित्रकारांची नावं देऊन त्या वापरायला, बदलायला, त्यांचं ध्वनिमुद्रण करायलाही मुभा आहे. तिथली चार-चार ओळींची एक गोष्ट घेतली. रात्री मुलं झोपल्यावर खाटेवर गोधडी डोक्यावरून घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण. गोधडीने घुमणं जातं, हे खरं. पण पहाटेपर्यंत जमेना. एकदा कुत्रं, एकदा सासऱ्यांचा खोकला, एकदा मीच 'शी' ऐवजी 'ही'.

सकाळी वर्गात लावलं आणि लाज वाटली. मी पाच सेकंद थांबायचं ठरवलं होतं. मोजलं तर अडीच. गोधडीत, अंधारात, एकटीने बोलताना पाच सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. आपण चुकलो, विसरलो, असं वाटून तोंड आपोआप उघडतं. तेव्हा पेटीवाल्यांवरचा माझा राग निम्मा उतरला. पुढच्या वेळी कॉम्प्युटर असलेल्या भाचीला गाठलं. तिने ऑडासिटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूचनेनंतर पाच सेकंदांची शांतता मोजून भरली. मी म्हटलं, आवाजाचा वेग कमी करून बघ, तर शब्द ताणले जाऊन दारू प्यायल्यासारखे झाले. वेग तसाच ठेवायचा, वाक्यांमधे जागा सोडायची. तिनेच मग पेटीचे पाठही घेतले आणि त्यांत शांतता भरली. संगीत मात्र शांततेत तुटतं, खाडकन. मुलं आता त्यालाच खूण मानतात: संगीत तुटलं की आपली पाळी.

हे सुधारलेले पाठ जानेवारीपासून लावतोय. त्याच नऊ मुलांना, पाठीला पाठ लावून. नवीन १२ शब्द घेतले, आधी सरासरी दोन येत होते, नंतर आठ. अर्थात तोवर मुलं सहा महिन्यांनी मोठीही झाली होती आणि चाचणीची सवयही झाली होती, ते धरायलाच हवं. पण 'टच युअर नोज' म्हटल्यावर वर्गात आता काय होतं ते मी रोज बघते. शांतता पसरते. ओठ हलतात. मग नऊ हात, एकामागून एक.

मार्चमध्ये कंपनीला फोन केला. तक्रार म्हणून नाही, म्हटलं पुढच्या वेळी तरी सुधारतील. पलीकडचा मुलगा चांगला होता, त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, आम्ही आधी चार सेकंद ठेवले होते. दुकानात लोक ऐकायचे आणि म्हणायचे पेटी बिघडलीय, अडकतेय. मग कमी केले."

म्हणजे पाठ कुणी तपासले, तर विकत घेणाऱ्यांनी. मंडळाच्या त्या माणसानेही प्रदर्शनात तेच केलं असणार. ठणठणीत आवाज, न थांबता इंग्रजी, पैसे वसूल. पेटी निवडताना तिथे एखादं सहा वर्षांचं पोर बसवलं असतं, तर त्याचा हात नाकापर्यंत पोचायच्या आत सगळ्यांना कळलं असतं.

तर घ्यावी का? तयार पेटी आहे तशी वापरायची असेल तर नका घेऊ. तेवढ्या पैशांत पंखा येतो. घरात किंवा गावात कुणी कॉम्प्युटरवर बसून पाठांत शांतता भरून देणार असेल तर घ्या, त्या बाईच्या आवाजासाठी घ्या. मोबाइल आणि साधा स्पीकर असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश किड्स या संकेतस्थळावर मुलांची गाणी आणि गोष्टी फुकट आहेत, त्यावर सुरुवात करता येते. आमच्या वाडीत रेंज फक्त वडाखाली येते, म्हणून आमचं अडतं. चित्रकार्डं मात्र उत्तम, जाड, पाण्याने न फुगणारी. ती वेगळी विकत मिळाली असती तर मी तेवढीच घेतली असती.

आणि एक, चार्जिंगची पिन चार महिन्यांत सैल होते. वायर एका बाजूला कलती धरून खाली पाटी लावावी लागते. मेमरी कार्ड बाहेर काढता येतं की नाही ते दुकानातच बघून घ्या. आमचं निघतं, म्हणून वाचलो.